थेंब कुठून पडतो ते आधी बघा: जुन्या एसीची पाणीगळती घरच्या घरी

आमच्या बेडरूममधला दीड टनाचा स्प्लिट एसी अकरा वर्षांचा आहे. कुरकुरतो, पण खोली थंड करतो. गेल्या वर्षी जूनमध्ये, पहिला मोठा पाऊस पडून गेला त्या रात्री दोनच्या सुमाराला माझ्या कानावर थेंब पडला. मग दुसरा. दिवा लावून बघतो तर एसीच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी टपकतंय आणि उशीवर वाटीएवढा ओला गोल. उरलेली रात्र एसीखाली भाताचं पातेलं ठेवून काढली. त्या टपटपीत झोप कोणाला लागणार?

सकाळी मेकॅनिक आला. त्याने एसीचं झाकण उघडलंसुद्धा नाही. खालून हात लावून हवा बघितली, ‘गॅस कमी झालाय’ म्हणाला, बाहेरच्या युनिटला मीटर लावला, गॅस भरला (की भरल्यासारखं केलं, देव जाणे) आणि पैसे घेऊन गेला. पुढचे चार दिवस पाण्याचा थेंब नाही, कारण चार दिवस आम्ही गावाला होतो. पाचव्या रात्री पातेलं परत जागेवर.

मग मी स्वतः स्टुलावर चढलो. बिघाड निघाला तो गॅलरीत, पाण्याच्या पाईपच्या तोंडाशी. कुंभारीण माशीने तिथे मातीचं घर बांधलं होतं आणि त्याच्यामागे आत शेवाळाचा बोळा बसला होता. गॅसचा काडीचा संबंध नव्हता. त्यानंतर नात्यातल्या आणि शेजारच्या चार-पाच एसींवर हात साफ झाला. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो. यातली बरीचशी कामं घरात होतात. कुठे थांबून मेकॅनिकला बोलवायचं तेही त्या त्या जागी सांगितलं आहे.

हे पाणी येतं कुठून

एसीतून पाणी निघणं हा बिघाड नाही. ते निघालंच पाहिजे. उन्हाळ्यात फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तोच प्रकार एसीच्या आत चालू असतो. आतल्या युनिटमध्ये जाळीच्या मागे अॅल्युमिनियमच्या बारीक पात्यांची कॉइल असते. खोलीतली दमट हवा तिच्यावरून गेली की हवेतली वाफ पात्यांवर पाणी होऊन बसते, पात्यांवरून ओघळून खालच्या ट्रेमध्ये जमते आणि ट्रेच्या एका टोकाला लावलेल्या पाईपने उताराने बाहेर जाते. पंप वगैरे काही नाही. सगळा कारभार उतारावर.

मुळात एसी जन्माला आला तोच दमटपणा काढायला. १९०२ मध्ये विलिस कॅरियर या अमेरिकन इंजिनियरने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी ही यंत्रणा आखली, कारण दमट हवेत कागद फुगायचा आणि रंगांची छपाई एकावर एक नीट बसायची नाही. माणसांना गार वाटणं हा नंतरचा फायदा.

पाणी किती निघतं याचा अंदाज असला की पुढचं सोपं जातं. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, गोवा इकडच्या दमट रात्री दीड टनाचा एसी तासाला एक ते दोन लिटर पाणी सहज काढतो. म्हणजे रात्रभरात जवळपास बादली. उलट नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यातल्या कोरड्या उन्हात हवेत वाफच इतकी कमी असते की पाईपातून जेमतेम थेंब येतात. त्यामुळे तिकडे पाईप मार्चपासून तुंबलेला असला तरी पत्ता लागत नाही. पाऊस सुरू झाला की एका रात्रीत एसी ‘बिघडतो’. आपल्याकडे जूनमध्ये मेकॅनिकला फुरसत नसते, ती याचमुळे.

पाणी ठरलेली वाट सोडून खोलीत का आलं, एवढंच आता शोधायचं आहे.

हात लावण्याआधी

एसी रिमोटने बंद करून भागत नाही. एसीचा एमसीबी (बोर्डावरचा वीज तोडणारा खटका) खाली पाडा आणि तो कोणी परत वर करणार नाही हे घरात सांगून ठेवा. आतल्या युनिटमध्ये इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं, बहुतेक मॉडेलांत उजव्या बाजूला. त्याच्यावर पाणी गेलं तर पाईपचं काम कार्डाच्या भावात पडेल.

बाहेरचं युनिट खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर असेल तर खिडकीतून अंग बाहेर काढून काहीही करायचं नाही. पाईपचं तोंड गॅलरीतून, गच्चीवरून किंवा जमिनीवर उभं राहून हाताला येत असेल तरच ते काम तुमचं. बाहेरच्या युनिटचं झाकण तर उघडूच नका. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही चार्ज राहतो.

सामान फार लागत नाही: न डुगडुगणारी घोडी किंवा भक्कम स्टूल, टॉर्च, फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, जुना मऊ दात घासायचा ब्रश, जुने पंचे, बादली, एक लिटरची पाण्याची बाटली आणि कपड्याची नीळ. नीळ कशाला ते पुढे येईल. ओलं-सुकं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर शेजारी कोणाकडे असेल तर मागून आणा, निम्मं काम तोच करतो. खाली गादी असेल तर सरकवा, नाहीतर प्लॅस्टिक अंथरा. आतून निघणारं पाणी काळं असतं आणि डाग सोडतं.

थेंब वाचायचा

या पायरीवर घाई करू नका. एक रात्र गेली तरी चालेल, पण पाणी कुठून पडतं आणि केव्हा पडतं या दोन गोष्टी डोळ्यांनी बघा. टॉर्च मारून, खालून, बाजूने, मोबाइलवर फोटो काढत.

एसी लावल्यावर अर्ध्या-एक तासाने समोरून किंवा एका कोपऱ्यातून खाली टपटप सुरू होत असेल, तर ट्रे भरून वाहतोय. पाईप तुंबलाय किंवा एसी एका बाजूला कलंडलाय. जुन्या एसीत सर्वांत जास्त आढळतं ते हेच.

एसी चालू असेपर्यंत पाणी नाही, पण बंद केल्यावर किंवा कॉम्प्रेसर थांबल्यावर एकदम भळाभळा येतं, तर कॉइलवर बर्फ जमतोय आणि तो वितळतोय. हे पाईपचं दुखणं नाही.

झोताबरोबर बारीक तुषार अंगावर येत असतील, तर कॉइल किंवा मागचा गोल पंखा मळलाय. पात्यांवर मळ चिकटला की पाणी नीट ओघळत नाही. थेंब सुटतात, पंख्यावर पडतात आणि पंखा ते भिरकावतो.

समोर सगळं कोरडं, पण एसीच्या मागून भिंतीवर ओलीची रेघ उतरत असेल, तर तीन संशयित: पाण्याच्या पाईपचा मागचा सांधा, तांब्याच्या पाईपांवरचं फाटलेलं रबर, किंवा कॉइलच्या मागच्या बाजूची पन्हळ. या पन्हळीची फार जणांना कल्पना नसते. कॉइल घडी घातल्यासारखी वाकवलेली असते. तिच्या मागच्या अंगाचं पाणी वेगळ्या पन्हळीतून मुख्य ट्रेकडे येतं. पुढचा ट्रे चकाचक करून घेतला तरी मागची पन्हळ धुळीने भरलेलीच राहू शकते.

पाचवा प्रकार खास आपल्या पावसाचा. एसी बंद आहे, एमसीबी पडलेला आहे आणि तरी बाहेर पाऊस झोडपायला लागला की एसीच्या मागून पाणी येतं. हे एसीचं पाणीच नाही! पाईपांसाठी भिंतीला पाडलेलं भोक बाहेरून नीट बुजवलेलं नसतं, किंवा ते आतल्या बाजूला उतरतं असतं, आणि पावसाचं पाणी पाईपांच्या कडेने सरळ घरात येतं. डोंबिवलीत माझ्या मावशीकडे याच ‘गळती’साठी एसीची दोनदा सर्व्हिसिंग झाली होती. खरं औषध होतं भोकाच्या बाहेरच्या तोंडाशी भरलेलं सिलिकॉन, आणि पाईप भोकात शिरण्याआधी त्याला खाली झुकता बाक, म्हणजे पावसाचं पाणी बाकाच्या तळाशीच टपकून जातं.

बाहेर पाईपचं तोंड बघा

एसी वीस-तीस मिनिटं चालवा आणि बाहेर जाऊन पाण्याच्या पाईपचं तोंड बघा. दमट दिवसात तिथून थेंबांची धार लागलेली हवी. आत टपटप आणि बाहेर सुकं, म्हणजे पाईप तुंबला. अजून मेकॅनिकला फोन करायची गरज नाही.

तोंडाशीच उत्तर सापडतं का बघा. माझ्या पाईपात निघालं ते घर सुपारीएवढं, सुकलेल्या लाल मातीचं, पेन्सिलीच्या टोकाने टोकरलं तर भुगा होऊन पडलं. आत हिरव्या अळ्या कोंबून ठेवल्या होत्या. माशीने पिल्लांची सोय करून ठेवलेली. ते पडल्याबरोबर आतून साधारण अर्धा मग तपकिरी पाणी आलं आणि थांबलं, म्हणजे पुढे अजून काहीतरी होतं. कधी पाली अडकतात. कधी पाईपचं तोंड कुंडीच्या मातीत रुतलेलं असतं, किंवा कोणीतरी ते भरलेल्या बादलीत बुडवून ठेवलेलं असतं. तोंड पाण्याखाली गेलं की आतली हवा बाहेर पडत नाही, आणि पंप नसल्यामुळे पाणी तिला ढकलू शकत नाही. बादली ठेवायची तर तोंड तिच्या काठाच्या वर हवं.

पाईपला कुठे झोळ पडलाय का तेही बघा. स्प्रिंगसारखा वळ्यावळ्यांचा पाईप उन्हात मऊ पडतो, मधेच लोंबतो, त्या खोलगट जागेत पाणी साचतं आणि शेवाळ तिथेच धरतं. उतार मीटरमागे किमान एक सेंटिमीटर हवा आणि सलग हवा. क्लिपा मारून झोळ काढा. जास्तीचा लांब पाईप गुंडाळून ठेवला असेल तर कापून टाका.

आधी जाळी, मग तुंबलेला पाईप

जाळी धुणं सगळ्यांना माहीत असतं, म्हणून फक्त एवढंच: पाण्याची धार मागच्या, म्हणजे स्वच्छ बाजूने मारा, सावलीत वाळवा, ओली बसवू नका. सीझनमध्ये दर दोन आठवड्यांनी. रस्त्याकडेचं घर असेल किंवा शेजारी बांधकाम चालू असेल तर त्याहून लवकर.

आता पाईप. तुंबलेला पाईप बाहेरच्या तोंडाकडून ओढून साफ करायचा, आत फुंकून नाही. बाहेरून हवेचा जोर मारला तर सगळा गाळ उलटा ट्रेमध्ये जातो, तिथून पंख्यावर, आणि पंखा सुरू केल्यावर भिंतीवर काळी नक्षी. मी हे केलेलं आहे. सायकलच्या पंपाने, मोठ्या उत्साहाने. भिंत परत रंगवावी लागली.

व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याची नळी पाईपच्या तोंडाला लावा, मधल्या फटीभोवती ओला पंचा घट्ट गुंडाळा आणि एक-दोन मिनिटं चालू ठेवा. तो ओलं ओढणारा हवा. साध्या व्हॅक्यूममध्ये पाणी गेलं तर त्याची मोटर जाईल. पहिल्यांदा नुसता सूं-सूं आवाज येतो. मग एकदम घुटका गिळल्यासारखा आवाज होतो आणि बोळा सुटतो. माझ्याकडे निघाला तो बोटभर लांब, करडा, हाताला जेलीसारखा, मधे धुळीचे आणि केसांचे धागे. त्याच्यामागून रात्रभर अडलेलं पाणी.

व्हॅक्यूम नसेल तर सांधा सोडवा. आतल्या युनिटची जाड नळी आणि पुढचा पाईप यांचा जोड बहुधा भिंतीबाहेर, टेपखाली असतो. हाताला येत असेल तर टेप सोडून दोन्ही भाग वेगळे करा, खालचा पाईप न्हाणीघरात नेऊन नळाखाली धरा आणि तुंबलेली जागा बोटांनी दाबत पुढे न्या. लोखंडी तार घालू नका. वळ्यांचा पाईप आतून फाटतो, आणि फाट भिंतीच्या आत असेल तर ती सापडायला भिंत फोडावी लागते. तोंडाने तर ओढूही नका, फुंकूही नका. त्या चिकट गाळात जंतूंची वस्ती असते.

पाईप मोकळा वाटला की परीक्षा घ्यायची. बाटलीच्या बुचाला दाभणाने भोक पाडा, लिटरभर साधं पाणी घ्या, समोरचं झाकण आणि जाळ्या काढा. एमसीबी पडलेलाच आहे ना, एकदा बघून या. बाटली हळूहळू दाबत कॉइलच्या डाव्या अर्ध्यावर, म्हणजे कार्डापासून लांब, पाणी सोडा. (कार्ड तुमच्याकडे डावीकडे असेल तर उजवीकडे.) दुसऱ्या कोणीतरी बाहेर मग घेऊन उभं राहायचं. लिटरभर घातलं तर एखादा पेला आत ओलाव्यात राहून बाकीचं काही मिनिटांत बाहेर यायला हवं. अडखळत आलं तर परत ओढा.

शेवटी अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी असं पाईपात जाऊ द्या आणि अर्ध्या तासाने भरपूर साधं पाणी. पाणी उकळतं नको, कोमट चालेल. न्हाणीघराचं ब्लीच, अॅसिड किंवा कॉस्टिक सोडा असलेला नळी-साफ चुकूनही नको. अॅल्युमिनियमची कॉइल ते खाऊन टाकतं, आणि एकदा कॉइलला भोक पडलं की मग खरोखरच गॅस भरायची वेळ येते.

ट्रे आणि निळीचं काम

पाईप मोकळा आहे, बाहेर धार आहे, तरी आत थेंब येतोच. मग ट्रे बघायचा.

ट्रे दिसायला समोरची पूर्ण बॉडी काढावी लागते. खालच्या कडेला दोन-तीन स्क्रू असतात, बऱ्याचदा छोट्या टोपणांखाली लपलेले, आणि वर खाचा. जुनं प्लॅस्टिक उन्हाने नाही तरी वयाने ठिसूळ झालेलं असतं. ज्या खाचेला जोर लागतोय ती तुटणार हे धरून चाला आणि जोर लावू नका. काही मॉडेलांत ट्रे सुटा निघतो, बऱ्याच मॉडेलांत तो मागच्या सांगाड्याचाच भाग असतो. निघत नसेल तर ओढाताण न करता जागेवरच साफ करा: ब्रशने गाळ सैल करा, पंच्याने टिपा, आणि पाईपचं आतलं भोक बोटाने मोकळं करा. ते करंगळी जाईल एवढंच असतं, आणि गाळ तिथेच अडतो. कॉइलची पाती धारदार असतात; हातमोजे घाला किंवा जपून. पाती वाकली तर हवा अडते, म्हणून ब्रश पात्यांच्या दिशेने, वरून खाली.

आता नीळ. पाण्यात दोन-चार थेंब नीळ घालून ते पाणी ट्रेमध्ये सोडा आणि खालच्या बाजूने पांढरा कागद फिरवत जा. ट्रेला केसाएवढी तडा असेल तरी कागदावर निळा ठिपका उमटतो. नुसत्या पाण्याने हे दिसत नाही, कारण तिथे आधीच सगळं ओलं असतं. तडा सापडली की ट्रे पूर्ण वाळवा (एक दिवस जाऊ द्या), पॉलिश पेपरने जागा खरखरीत करा आणि दोन भाग कालवून लावायचं इपॉक्सी खालच्या बाजूने दाबून बसवा. ओल्या प्लॅस्टिकवर ते धरत नाही. ट्रेच्या आतून ढीग लावलात तर पाण्याच्या वाटेत बंधारा होईल. तडा पाईपच्या भोकापाशीच असेल तर हे डागडुजीचं काम फार दिवस टिकत नाही. मॉडेल नंबर देऊन नवा ट्रे मिळतो का ते विचारा.

मागची पन्हळ आणि गोल पंखा मात्र घरी साफ करायला जाऊ नका. त्यासाठी मेकॅनिक एसीखाली प्लॅस्टिकची झोळी बांधून पंपाच्या धारेने धुतात. फोनवर नेमकं सांगा: ‘जेट पंपाने, झोळी लावून, मागची पन्हळ आणि ब्लोअर धुवायचाय.’ नुसतं ‘सर्व्हिसिंग करायचंय’ म्हटलं तर जाळी धुऊन, वर फडकं मारून निघतात.

कलंडलेला एसी

दहा-बारा वर्षांत भिंतीतला स्क्रू सैल होतो, स्क्रूभोवतीचं प्लॅस्टर भुसभुशीत होतं आणि एसी एका बाजूला खांदा पाडतो. ट्रेचा पाईप डाव्या टोकाला आणि एसी झुकला उजवीकडे, की पाणी भोकापर्यंत पोचतच नाही आणि उजव्या काठावरून सांडतं. गवंड्याची लेव्हल वरच्या कडेवर ठेवून बघा. मोबाइलमधल्या लेव्हलवरही अंदाज येतो. एसी समतल हवा, किंवा पाईपाच्या बाजूला अगदी किंचित, दोन-तीन मिलिमीटर खाली. समोरच्या बाजूला झुकलेला मुळीच नको.

थोडा फरक असेल आणि मागची पट्टी भिंतीत पक्की असेल, तर झुकलेल्या बाजूला मागून पाचर देऊन काम भागतं. पट्टीच हलत असेल तर एकट्याने एसी उचलायला जाऊ नका. मागे तांब्याचे पाईप जोडलेले असतात. ते पिचले तर गॅस गेलाच. इथे दोन माणसं आणि मेकॅनिक.

घाम फुटलेले पाईप

ट्रे, पाईप, लेव्हल सगळं ठीक, तरी भिंतीवर ओल. मग तांब्याच्या पाईपांवरचं काळं रबर बघा. बहुतेक स्प्लिट एसींत गॅस बारीक नळीतून जाऊन गार होण्याचं काम बाहेरच्या युनिटमध्येच होतं, त्यामुळे आत येणारा बारीक पाईप आणि बाहेर जाणारा जाड पाईप, दोन्ही गार असतात. दोघांनाही स्वतंत्र रबर हवं. जुन्या बसवणीत बऱ्याचदा जाड पाईपलाच रबर असतं, किंवा दोघांना मिळून एकच. उघड्या तांब्यावर पावसाळ्यात पाणी सुटतं आणि पाईपवरून वाहत भिंतीत शिरतं.

बाहेरची पांढरी टेप दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन तिचे तुकडे पडतात. मग रबरावर ऊन येतं, रबराचा भुगा होतो, उंदीर-खारी उरलेलं कुरतडतात. एसीच्या सामानाच्या दुकानात हे रबर नळीच्या आकारात मिळतं. पाईपची जाडी सांगून घ्या. उभी चीर देऊन पाईपवर चढवायचं, चिरेला रबराचंच सोल्युशन लावायचं आणि वरून टेप खालून वर गुंडाळत न्यायची. वरून खाली गुंडाळली तर टेपचे पदर वर तोंड करून राहतात आणि पावसाचं पाणी झेलतात. कौलं शाकारतात त्याच हिशोबाने.

झोताच्या पट्ट्यांवर थेंब धरत असतील तर तो बिघाड नाही. दार-खिडकी उघडी आहे, बाहेरची दमट हवा गार पट्टीला लागते. दार लावा, पंख्याचा वेग वाढवा आणि पट्ट्या सरळ समोर ठेवा.

बर्फ, आणि तो ‘गॅस कमी झालाय’

झाकण उघडून कॉइलवर पांढरा बर्फ दिसला तर एसी बंद करून नुसता फॅन मोड लावा आणि दोन-तीन तास वितळू द्या. खाली बादली, पंचे. स्क्रू ड्रायव्हरने बर्फ टोकरू नका, पातं किंवा नळी फुटते. हेअर ड्रायरही नको.

बर्फ धरायची मुख्य कारणं दोन. एक, हवा कमी: जाळी तुंबलेली, कॉइल मळलेली, पंखा बसलेला, आणि वर रिमोट सोळावर. भारतात स्टार लेबलवाले एसी २०२० पासून चालू केल्यावर २४ अंशांवरच सुरू होतात, ते उगाच नाही. दुसरं कारण, गॅस खरोखर कमी असणं. जाळी आणि कॉइल साफ करूनही बर्फ परत आला, तो कॉइलच्या एकाच भागावर असेल, आणि बाहेरच्या युनिटपाशी बारीक पाईपच्या नटावर दंव धरलेलं दिसत असेल, तर संशय गॅसवर घ्या.

पण गॅस पेट्रोलसारखा वापराने संपत नाही. तो बंद चक्रात फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी निसटतोय, आणि ती जागा न शोधता भरलेला गॅस त्याच जागेने जाणार. तेव्हा मेकॅनिकला आधी विचारा, ‘लीक कुठे आहे?’ नटांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघणं ही पहिली पायरी. तिथे नसेल तर नायट्रोजन भरून दाब टिकतो का बघणं, मग जागा बुजवणं, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढणं आणि शेवटी वजनकाट्यावर मोजून गॅस भरणं. बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर गॅसचं नाव आणि ग्रॅम छापलेले असतात, त्याचा फोटो काढून ठेवा. जुन्या एसीत आर-२२ असेल. ओझोनच्या थराला अपाय करणारा म्हणून तो मॉन्ट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद होतोय. बहुतेक नव्यांत आर-३२ असतो, तो पेट घेऊ शकतो, म्हणून त्याच्या कामाच्या वेळी खोलीत उदबत्तीही नको. आर-२२ च्या जुन्या मशीनची कॉइलच गळत असेल तर दुरुस्तीवर पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. नट गळत असेल तर जरूर करा.

खिडकीतला एसी

याचं काम सोपं. तो बाहेरच्या बाजूला किंचित उतरता हवा, म्हणजे पाणी मागे जातं. लाकडी चौकट कुजून किंवा स्टँड वाकून तो आत झुकला की पाणी घरात. मागच्या तळाशी पाणी थोडं साचलेलं राहतं, आणि बऱ्याच मॉडेलांत बाहेरचा पंखा ते उडवून गरम कॉइलवर मारतो, त्यामुळे आतून खळखळ आवाज आला तर घाबरू नका. मागचं भोक गाळाने बुजलं असेल तर मोकळं करा.

त्यानंतर

मी महिन्यातून एकदा बुचाला भोक पाडलेल्या त्याच बाटलीने लिटरभर पाणी कॉइलवर सोडतो आणि बाहेर किती येतं ते बघतो. पाईपच्या तोंडाला मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा सैल बांधलाय, माशी आत जाऊ नये म्हणून. मात्र जाळीवरही शेवाळ धरतं, म्हणून तीही महिन्याला ब्रशने घासतो. सीझन संपल्यावर एसी बंद करण्याआधी अर्धा तास नुसता फॅन चालवतो, कॉइल आणि ट्रे वाळतात.

पाईप मोकळा झाल्यावर वेगळीच भानगड उभी राहिली: सगळं पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर. सोसायटीच्या फळ्यावर नाव लागण्याआधी मी तोंडाखाली बादली ठेवली. हे पाणी पिण्याचं नाही आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतही घालू नये, त्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचा अंश असतो. फरशी पुसायला आणि कुंड्यांना चालतं. दमट रात्री सकाळपर्यंत बादली गळ्याशी आलेली असते. एखाद्या सकाळी ती अर्धीच दिसली की मी चहाआधी टॉर्च घेऊन स्टुलावर चढतो.